साधनाचा त्याग : फ्लोरियन फ्रिके आणि 'पोपोल वूह'

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. अमुक साली अमुक सिंथेसायझर आला, तो अमक्याने प्रथम हाताळला, पुढे त्याहून समर्थ यंत्र आले आणि कला एक पायरी वर चढली. या मांडणीत फ्लोरियन फ्रिके (१९४४–२००१) या जर्मन संगीतकाराला बसवणे अवघड जाते. ज्या यंत्रामुळे त्याचे नाव या इतिहासात शिरले, तेच त्याने कारकिर्दीच्या आरंभी बाजूला ठेवले.

लिंडाऊ येथे जन्मलेल्या फ्रिकेचे शिक्षण अभिजात पियानोवादनाचे. १९७०च्या सुमारास मोठा मॉड्युलर मूग सिंथेसायझर त्याच्या हाती आला, तेव्हा जर्मनीत हे वाद्य अगदी मोजक्या लोकांकडे होते. होल्गर ट्रुल्श आणि फ्रँक फीडलर यांच्यासह त्याने जो वाद्यवृंद उभा केला, त्याला ग्वाटेमालातील किचे माया लोकांच्या पवित्र ग्रंथाचे नाव दिले : 'पोपोल वूह'. 'आफेनश्टुंडे' (१९७०), म्हणजे 'माकडाची घटका', या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मूगचे लांबत जाणारे ध्वनी आणि तालवाद्ये एकत्र येतात. 'इन डेन गेर्टेन फाराओस' (१९७१) या दुसरीत त्यांना चर्चमधील ऑर्गनची जोड मिळते.

१९७२च्या 'होझियाना मंत्रा'त मात्र मूग नाही. पियानो, हार्पसिकॉर्ड, ओबो, व्हायोलिन, गिटार, तंबोरा आणि जोंग युन या गायिकेचा स्वर एवढ्यावर ती रचना उभी आहे. शीर्षकात ख्रिस्ती उपासनेतील जयघोष आणि संस्कृत 'मंत्र' शेजारी नांदतात. प्रार्थनेच्या संगीताला विजेचे ध्वनी जवळचे नाहीत, अशी फ्रिकेची धारणा होत गेली. पुढे त्याने ते यंत्र क्लाउस शुल्त्से या संगीतकाराला विकले. शुल्त्सेच्या 'मूनडॉन'मध्ये (१९७६) ते ऐकू येते.

याला यंत्रविरोध म्हणावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. १९७२ सालच्याच 'आगीरे' या वेर्नर हेर्त्सोगच्या चित्रपटात सोन्याच्या नगरीच्या शोधात निघालेली माणसांची रांग धुक्यातून डोंगर उतरते, तेव्हा ऐकू येणारा गूढ समूहस्वर फ्रिकेने एका यंत्रातूनच काढला आहे. फितींवर मुद्रित केलेले मानवी आवाज पट्ट्या दाबून वाजवणारे ते वाद्य होते. तो स्वर पुरता माणसाचा नाही आणि पुरता यंत्राचाही नाही. स्वतःच्या हव्यासात हरवत जाणाऱ्या त्या माणसांना तोच शोभतो. पुढे १९९५च्या 'सिटी रागा'त फ्रिके यांत्रिक ठेक्यांकडेही वळला. म्हणजे त्याचा त्याग हे व्रत नव्हते. कोणत्या आशयाला कोणते साधन पेलते, याचा तो वेळोवेळी केलेला निवाडा होता.

'पोपोल वूह' ग्रंथात एक कथा आहे. देव मक्यापासून माणूस घडवतात, त्याआधी लाकडाची माणसे करून पाहतात. ती बोलतात, वाढतात. पण त्यांना हृदय नसते आणि निर्मात्याचे स्मरणही नसते. अखेर त्यांचीच मडकी, तवे आणि जाती त्यांच्यावर उलटतात. उरलेल्यांचे वंशज म्हणजे माकडे. फ्रिकेच्या मनात हाच प्रसंग होता, असा आमचा दावा नाही. तथापि वाद्यवृंदाचे नाव आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षक ध्यानी घेता ही कथा त्याच्या कारकिर्दीवरील भाष्यासारखी वाचता येते. साधनाला स्मरणाची जोड नसेल, तर ते धन्यावरच उलटते.

वाङ्मयेतिहास शिकवताना आम्हीही नव्या तंत्राच्या आगमनाच्या तारखा फळ्यावर लिहितो आणि त्या तंत्रापासून दूर गेलेल्या लेखकाच्या नावापुढे 'पीछेहाट' असा शेरा मारून मोकळे होतो. त्या लेखकाने काय टाकले आणि कशासाठी टाकले, हे विचारल्याविना तो शेरा मारण्याचा अधिकार इतिहासकाराला मिळत नाही. फ्रिकेने मूग विकला, ही नोंद 'होझियाना मंत्रा' ऐकल्याशिवाय अपुरीच राहते.