मुंबईचा प्लेग : निर्बंध आणि रोजगार (१८९६-९८)

साथ आवरण्यासाठी घातलेले निर्बंध आणि शहराचा रोजगार यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न २०२०च्या टाळेबंदीत ऐरणीवर आला. मुंबईला मात्र तो नवा नव्हता. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रंथिक सन्निपाताचे, निदान केले. शहराची वस्ती त्या वेळी सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. गोदीलगतची धान्याची कोठारे आणि त्यांना खेटून उभ्या असलेल्या दाटीवाटीच्या चाळी हे मांडवीचे रूप. साथ उद्भवली ती व्यापाराच्या मर्मस्थानीच.

६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे अधिकार हाती घेतले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि स्नो यांना सक्ती सैल करावी लागली. त्यामागे दयाबुद्धीपेक्षा हिशेब अधिक होता. सफाई कामगार शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्यायोग्यच उरणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही पलायन थांबले नाही. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. लोक रोगाला भ्याले होते, तितकेच रुग्णालयाला आणि विलगीकरणालाही. गिरण्या ओस पडल्या, त्या सरकारी हुकमाने नव्हे, तर कामगारच उरले नाहीत म्हणून. महिन्याचा पगार उशिरा देऊन कामगाराला बांधून ठेवण्याची गिरण्यांची जुनी रीत होती. तेच मालक आता रस्त्याच्या नाक्यांवर मजुरीची बोली लावू लागले आणि रोजच्या रोज रोख पैसे मोजू लागले. कामगाराची किंमत मालकांना इतकी लख्ख क्वचितच कळली असेल!

सरकारवरील दडपण मात्र निराळे होते. भारतीय मालाला युरोपची बंदरे बंद होण्याची धास्ती होती. त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला, हज यात्रा स्थगित झाली आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांची प्लेग समिती नेमली गेली. अवघ्या चार कलमांच्या त्या कायद्यात अमर्याद अधिकार होते, अवज्ञेला शिक्षा होती, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षणही होते. ज्याची मजुरी बुडेल, त्याच्या भरपाईची तरतूद तेवढी नव्हती.

निर्बंधांचा रोखही चुकला होता. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची अंगतपासणी होई. धान्याच्या पोत्यांवर तशी नजर नव्हती. उंदरावरील पिसवांमधून रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखविले आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षे गेली. म्हणजे अर्थव्यवस्थेची झळ सोसूनही रोग आटोक्यात येत नव्हता.

पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी घरतपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर धोरण बदलले. सक्तीचा भर ओसरला, जातवार-पंथवार रुग्णालयांना वाव मिळाला आणि हाफकिन यांच्या लसीवर भिस्त वाढली. हाफकिन यांनी ती १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस घेतलेल्यांना पुढे काही निर्बंधांतून सवलत मिळू लागली.

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्राने याच १८९७च्या कायद्याचा आधार घेतला. मजुरांचे तांडे पुन्हा गावाकडे निघाले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटले. मुंबईत सामान्य प्रवाशांना लोकलची दारे १५ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली, तीही लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस उलटलेल्यांनाच.