लोकमताचें माप

लोकसत्ताक राज्यांत लोकमताला राजाज्ञेचा मान असतो. राजाची आज्ञा एका मुखांतून बाहेर पडते. लोकमत मात्र कोट्यवधि मुखांत विखुरलेलें असतें. तें मोजण्याच्या खटपटींत शहाणीं माणसें कशीं फसलीं, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. म्हणून तो वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९३६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं फ्रँकलिन रूझवेल्ट व आल्फ्रेड लँडन यांचा सामना होता. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें धाडल्या; पैकीं तेवीस लाखांवर भरून परत आल्या. चार वर्षांपूर्वीं या साप्ताहिकाचें भाकित खरें ठरलें होतें. त्यांत ही प्रचंड संख्या! शेंकडा ५७ मतें लँडन यांच्या बाजूचीं, असें त्यानें निःशंकपणें जाहीर केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांना शेंकडा ६० हून अधिक मतें मिळालीं आणि ४८ पैकीं ४६ राज्यें त्यांनीं जिंकलीं. साप्ताहिकाची अब्रू गेली, व दोन वर्षांच्या आंत तें बंदहि पडलें.

चूक कोठें झाली? नांवें मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलीं होतीं, आणि मंदीच्या त्या काळांत गरिबाच्या घरीं या दोन्ही वस्तु दुर्मिळ. हें कारण सर्वत्र सांगितलें जातें. तें खरें आहे, पण अर्धेंच. पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकानें १९८८ सालीं दाखविलें कीं, पत्रिका मिळालेल्या सर्वांनीं ती परत धाडली असती, तर रूझवेल्टच विजयी होणार एवढें तरी साप्ताहिकास कळलें असतें. दोष यादींत होता, तसाच तो न बोलणाऱ्यांच्या मौनांतहि होता.

इंटरनेटच्या युगांत हाच प्रश्न निराळ्या वेषानें परत आला आहे. पूर्वीं निदान यादी तरी कोणी करीत असे. आतां पुष्कळशा चांचण्यांत ज्यास इच्छा होईल तो आपण होऊन उत्तर देतो, बहुधा लहानशा मोबदल्यासाठीं. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील अशा एका चांचणीवरून बातमी पसरली कीं, तिशीच्या आंतील पांचांपैकीं एकास हिटलरनें केलेला ज्यूंचा संहार ही कल्पित कथा वाटते. प्यू संशोधन केंद्रानें घरांच्या पत्त्यांतून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीनें निवडलेल्या लोकांस तोच प्रश्न विचारला, तेव्हां त्या वयाच्या लोकांत तें प्रमाण शेंकडा ३ निघालें. याच केंद्रानें २०२२ सालीं केलेल्या परीक्षेंत, स्वेच्छेनें उत्तरें देणाऱ्या तिशीच्या आंतील मंडळींपैकीं शेंकडा १२ जणांनीं, अणुशक्तीची पाणबुडी चालविण्याचा परवाना आपणांजवळ आहे, असें सांगितलें! उघडच आहे कीं, कांहीं जण वयहि खोटें सांगतात आणि प्रश्न न वाचतां ‘होय’ म्हणून मोकळे होतात. अशा उत्तरांनीं संख्या फुगते. बदनामी होते ती मात्र एका अख्ख्या पिढीची.

याचा अर्थ इच्छुकांचीं उत्तरें सर्वथा टाकाऊ, असा नव्हे. २०१२ सालीं एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून सुमारें साडेतीन लाख लोकांचीं मतें गोळा झालीं. त्यांत शेंकडा ९३ पुरुष. तरीहि वय, लिंग, शिक्षण व पूर्वीचें मतदान यांचा हिशेब घालून संशोधकांनीं त्या निवडणुकीचें चित्र बरेंच यथार्थ काढलें. माप किती वांकडें आहे हें ठाऊक असल्यास तें सुधारतां येतें. खोट्या उत्तरास तो उपाय चालत नाहीं.

शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. पण सुगृहिणी भात ढवळून शीत स्वतःच्या हातानें उचलते. तें आपण होऊन पळींत उडी घेत नाहीं. आतां तर यंत्रबुद्धि माणसाच्या नांवानें उत्तरें लिहूं शकते. म्हणजे शीत त्या भांड्यांतलें आहे कीं नाहीं, येथूनच शंका! म्हणून ‘इतक्या लाखांचें मत’ असें कोठें वाचनांत आलें, तर ते लाख कोण, आणि गप्प राहिले ते कोण, हें सुज्ञांनीं आधीं विचारावें.