मंडपेश्वरचा नटराज

सोबत छापलेले छायाचित्र बोरिवली पश्चिमेकडील मंडपेश्वर लेण्यातील नटराजाचे आहे. ते पाहून कोणासही घारापुरी आठवेल, आणि त्यात नवल नाही. घारापुरीचे नाव शाळेच्या पुस्तकातून घरोघर पोहोचले, 1987 साली तर ती लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. मंडपेश्वरही सुमारे त्याच काळातले, म्हणजे 6 व्या शतकाच्या आसपासचे. परंतु बोरिवलीत जन्म काढलेल्यांपैकीही पुष्कळांनी ते आतून पाहिलेले नाही.

मूर्ती नीट पाहावी. नृत्यात रंगलेला शिव, भोवती गणपती, ब्रह्मदेव, पार्वती आदी देवमंडळी. दगड झिजला, अवयव भंगले, तरी कमरेची लय मोडलेली नाही.

1534 साली वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढे त्यांच्या धर्मगुरूंनी या लेण्यातच चर्च केले व वर मोठी इमारत उठविली. तिचे पडके अवशेष अद्याप उभे आहेत. लेण्यात एका भिंतीवर मोठा क्रूस कोरला गेला. नटराजापुढे मात्र भिंत घालण्यात आली. ज्या भिंतीने देव नजरेआड केला, तिनेच त्याला घणाच्या घावापासून राखले असावे! पुढे 1737 मध्ये साष्टी आणि 1739 मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, व 1774 अखेर साष्टीत इंग्रज आले.

खंडित मूर्ती पाण्यात सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. हा नटराज डोंगरातच कोरलेला, म्हणून जागेवर राहिला. सगळ्या जुन्या दगडांचे नशीब असे नसते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कुठे वीरगळ पायरीला बसविला जातो, कुठे कोरीव खांबावर ऑइल पेंट चढतो, कुठे टाइल्स बसतात. काम चांगल्या भावनेनेच होते, पण कोरीव काम कायमचे झाकले जाते. निदान काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक दगडाचा एक फोटो काढून ठेवावा, त्यास खर्च तो काय?

देणगीदारांची नावे हल्ली संगमरवरी पाटीवर रकमेसह कोरतात. ते योग्यच आहे, पै पै जमवूनच देवळे उभी राहतात. मंडपेश्वरचा डोंगर कोणाच्या पैशाने पोखरला, पाथरवट कोण होते, हे मात्र कोणास ठाऊक नाही. लेणे आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. महाशिवरात्रीला तेथे रांग लागते. एरवी मंडपेश्वर हे नाव बोरिवलीकरांच्या तोंडी येते ते रस्त्याचा पत्ता सांगताना.