टेलिफोनच्या तारेवरून : डायल-अपच्या दिवसांचा एक छोटा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तेव्हा कॉम्प्युटरवर लिही. पण समजेल असं लिही." कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचारांच्या जोडीने काही ना काही येतंच, त्यात मी भर घालणार नाही. मी जुन्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे. आपल्या जिल्ह्यात इंटरनेट नावाची वस्तू टेलिफोनच्या तारेवरून कशी आली, आणि त्या तारेला कोणाकोणाचे हात लागले, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं. आपल्यानंतरच्या मुलांना ते खरंही वाटत नाही. म्हणून लिहून ठेवते.

आपण दहावीचा शेवटचा पेपर देऊन दौतीसकट पॅड घरी नेलं, ते साल १९९५. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सुरुवात मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांतून झाली, पुढे पुण्याचा नंबर लागला. वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्या वेगाने उतरवायचा म्हटलं तर अर्धा तास सहज गेला असता. नगरमधल्या कोणाला हौस आलीच, तर पुण्याला एसटीडी लावावा लागे. तेव्हाचा पुण्याचा कोड ०२१२ तुमच्यापैकी कित्येकांना अजून पाठ असेल. त्यामुळे हौस करायची ती रात्री उशिरा, पाव दर लागल्यावर.

थोडं मागे जाऊ. आपल्या वर्गात किती जणांच्या घरी फोन होता? मला आठवतंय त्याप्रमाणे मोजून सहा. त्यातला एक आमच्याकडे होता, कारण वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तुमच्यातल्या अनेकांचे निरोप आमच्या घरी येत आणि मी ते सायकलवर पोचवत असे. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचा तो काळ होता.

ही परिस्थिती बदलण्यात मोठा वाटा 'सी-डॉट'चा. १९८४ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं छोटं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज तयार केलं. असं पहिलं एक्सचेंज १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. परदेशी एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागायची, हे मात्र धुळीत आणि उकाड्यात चालायचं. आपल्याकडच्या गावांना हेच हवं होतं. त्यानंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगावी उभे राहिले. म्हणजे इंटरनेट येण्याआधी त्याची वाट तयार झाली होती. फक्त ती वाट माणसांच्या बोलण्यासाठी केलेली होती, आणि पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

टेलिफोनच्या तारेला आवाज कळतो, आकडे कळत नाहीत. मोडेम हा या दोघांमधला दुभाषा. तो संगणकाच्या आकड्यांचं सुरांत रूपांतर करतो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करतो. सायबर कॅफेत कनेक्शन लागताना ती शिट्टी, खरखर आणि किंकाळी ऐकू यायची, ते दोन मोडेम एकमेकांची चाचपणी करत असत. तार किती स्वच्छ आहे, किती वेगाने बोललं तर समजेल, हे ते त्या काही सेकंदांत ठरवत. विज्ञानाच्या बाईंनी आपल्याकडून काडेपेट्यांचा फोन करून घेतला होता, तो आठवा. दोरा सैल पडला की आवाज जात नसे. मोडेमचंही तसंच.

आता माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेली गोष्ट. २००१ साली मी इंजिनिअर झाले. पहिली नोकरी एका छोट्या संगणक कंपनीत मिळाली आणि पहिलंच मोठं काम निघालं ते जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात.

सहकारी साखर कारखानदारी आपल्याला नवी नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकाआधी घरीच ऐकलेलं. कारखान्याचा पसारा मोठा असतो. उसाच्या नोंदी गावोगावच्या गट कार्यालयांत होतात, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. शेतकऱ्याचा जीव दोन प्रश्नांत अडकलेला असतो : माझ्या उसाला तोड कधी, आणि वजन किती भरलं? तेव्हा ही उत्तरं कागदावर, ट्रॅक्टरवाल्याबरोबर किंवा शिपायाच्या सायकलवर यायची. उशिरा यायची, कधी गहाळ व्हायची, आणि त्यातून संशय वाढायचा.

याच प्रश्नावर कोल्हापूरच्या बाजूला मोठा प्रयोग सुरू झाला होता. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था त्यात होत्या, तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळली. गावातल्या केंद्रात संगणक ठेवायचा, तो कारखान्याशी जोडायचा आणि शेतकऱ्याला गावातच माहिती द्यायची, अशी कल्पना. आमच्या कारखान्याच्या मंडळींनी वारणेबद्दल ऐकलं होतं. पैसे मात्र तेवढे नव्हते. म्हणून आमच्याकडे ठरलं ते आठ टेलिफोन लाइन, एक मोडेमची रॅक आणि १४ गट कार्यालयं.

रॅक म्हणजे १९ इंच रुंदीची लोखंडी चौकट. तिच्यात मोडेमची कार्डं पुस्तकांसारखी उभी सरकवायची. आमच्या पेटीत १६ खाचा होत्या, कार्डं आठ. पाठीमागे प्रत्येक कार्डाला दोन जोडण्या : एक टेलिफोनची, दुसरी सर्व्हरकडे जाणारी २५ पिनांची जाड केबल. सुट्या आठ मोडेमचे आठ अडॅप्टर आणि वायरींचा गुंता यातून सुटका होते, एवढाच तिचा मोठेपणा. आधी अर्थिंगचा खड्डा घेतला, त्यात मीठ आणि कोळसा घातला, कारण वळवाच्या विजेचा सगळ्यांनाच अनुभव होता. मग प्रत्येक कार्डाला आज्ञा द्यायच्या. या आज्ञा 'एटी' या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. हेज कंपनीच्या १९८१ सालच्या मोडेमपासून ती रीत पडली. पहिल्या रिंगला फोन उचल, समोरच्याने तोडलं की तूही ठेव, आणि हे सगळं वीज गेली तरी लक्षात ठेव. तीनच गोष्टी, पण दुसरी आज्ञा विसरली तर मोडेम रात्रभर फोन उचलून बसतो. मी एका कार्डावर ती विसरले होते.

खोक्यावर वेग लिहिला होता ५६,०००. प्रत्यक्षात ३३,६०० च्या पुढे जाणं शक्यच नव्हतं. कारण असं : एक्सचेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मापाला ८ बिट देतं. या रूपांतरात थोडी अचूकता हरवते. ५६,००० साठी हे नुकसान एकदाच व्हावं लागतं, म्हणजे एका टोकाला थेट डिजिटल जोडणी लागते. आमच्याकडे दोन्ही टोकांना साधी तांब्याची जोडी. त्यातून गावाकडच्या तारा, म्हणजे २०,००० मिळाले तरी आनंद. मी सगळ्यांचा कमाल वेग १४,४०० वर बांधला. हळू चाला पण तुटू नका. एका कार्यालयाची दिवसाची फाइल ६० केबीच्या आसपास असे, ती चाळीसेक सेकंदांत जायची. १४ कार्यालयं आणि आठ लाइन असल्यामुळे प्रत्येकाला फोन लावायची वेळ ठरवून दिली, अगदी आपल्या शाळेच्या वेळापत्रकासारखी. तासाची घंटा तेवढी नव्हती.

आठही लाइनना एक्सचेंजने एकच नंबर दिला होता. याला हंटिंग म्हणतात : पहिली लाइन गुंतलेली असेल तर कॉल दुसरीवर, नाही तर तिसरीवर. हंगाम सुरू झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात संध्याकाळी कार्यालयांची तक्रार आली : रिंग वाजते, कोणी उचलत नाही. आठपैकी सात कार्डं ठणठणीत होती. मी दोन तास सर्व्हर तपासला, सगळ्या आज्ञा पुन्हा दिल्या. "पोरीच्या जातीला हे रात्रीचं काम कशाला दिलं" असं एक जण माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल असं म्हणाला. साडेनऊला मी घरी फोन लावला तो खरं तर उशीर होईल हे सांगायला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय गं, मेलेली लाइन कितवी?"

"पहिली."

"मग कॉल तिथंच जाणार ना. एक्सचेंजला ती मोकळी दिसतीय. कोणाचा तरी साधा फोन आण, त्या लाइनला लाव आणि रिसीव्हर काढून ठेव. गुंतलेली दिसली की कॉल पुढं सरकंल."

कँटीनमधला लाल फोन आणला, लावला, रिसीव्हर बाजूला ठेवला. पाच मिनिटांत दुसऱ्या कार्डाचा दिवा लुकलुकला. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि पुस्तिकेतही नव्हतं.

दुसरी अडचण सकाळची होती. दव पडलं की तीन कार्यालयांचा वेग २,४०० वर घसरायचा, ऊन चढलं की सुधारायचा. मी मोडेमला दोष देत होते. अण्णा एका रविवारी त्या भागातल्या आपल्या जोडीदार लाइनमनला घेऊन आले. डीपी बॉक्स उघडला, कमरेचा टेस्टचा फोन जोडीला लावला आणि मला म्हणाले, "ऐक." आत तळणीत पाणी पडावं तसा आवाज. मेगर लावून बघत बघत दोघे रस्त्याकडेच्या एका केबल जॉइंटपाशी पोचले. परतीच्या पावसाचं पाणी त्यात शिरलेलं होतं. जॉइंट कोरडा करून नव्याने बांधला. दुसऱ्या दिवशी मी मर्यादा काढून पाहिली, तर त्याच तारेवर २६,४०० मिळाले. कॉन्फिगरेशनमध्ये मी एक अक्षरही बदललं नव्हतं.

अण्णांना मोडेम आवडत नसत, हेही सांगितलं पाहिजे. ते म्हणत, "आमचं एक्सचेंज बोलण्यासाठी आहे." त्यात तथ्य होतं. सगळे गिऱ्हाईक एकाच वेळी बोलणार नाहीत आणि बोलले तरी थोडाच वेळ, या हिशोबावर एक्सचेंज बांधलेलं असतं. इंटरनेटवाला तासभर लाइन धरून बसतो, आणि मग दवाखान्यात फोन लावणाऱ्याला लाइन मिळत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय झाला? कालच्या वजनांची यादी सकाळी गट कार्यालयाच्या फळ्यावर लागू लागली. माणसं येऊन आपलं नाव शोधत. वजनावरचा संशय गेला असं मी म्हणणार नाही, पण निदान वाद आकड्यावर होऊ लागला आणि त्याच दिवशी होऊ लागला. वारणेच्या अनुभवातूनही पुढे असंच काहीसं दिसलं. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने तिथे पाहणी केली. शेतकऱ्यांना संगणकाकडून हवी होती ती मुख्यतः उसाची, वजनाची आणि पैशांची छोटी माहिती. ती संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवरून द्यायचा प्रयोग त्यांनी केला, तो स्वस्तही पडला आणि लोकांना आवडलाही. आमच्या ६० केबीच्या फाइलमधून शेतकऱ्याला हवी असलेली ओळ एकच होती.

डायल-अपचा काळ पटकन संपला. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याच्या सेवांचं बीएसएनएल झालं होतं, जानेवारी २००५ मध्ये त्यांची ब्रॉडबँड सेवा आली. तार तीच तांब्याची, पण आता इंटरनेट चालू असताना बोलताही येऊ लागलं. अण्णांची तक्रार मिटली. आमची रॅक पाचेक हंगाम चालली आणि मग भंगारात गेली. अण्णा २००७ साली निवृत्त झाले. आता ७८ वर्षांचे आहेत, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि चित्र अडकलं की हमखास विचारतात, "जॉइंट बघितला का?"

आज मी पुण्यात बसून ज्या यंत्रणा सांभाळते, त्यांची यंत्रं कोणत्या देशात आहेत हे मला कधी कधी शोधावं लागतं. पण बिघाड झाला की नव्या मुलांना मी हेच सांगते : आधी मेलेली लाइन शोधा, ती बाजूला काढा, म्हणजे बाकीच्यांचं काम थांबणार नाही. त्यांना वाटतं मी हे एखाद्या मोठ्या पुस्तकातून सांगते.

सर, बाई, आणि मित्र-मैत्रिणींनो, आपल्यातल्या कित्येकांचे आईवडील काटेवाले, कंपाउंडर, कंडक्टर, पोस्टमन, शिंपी होते. त्यांच्या कामातलं ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. ज्यांचे अजून आहेत, त्यांनी विचारून ठेवा. मेळाव्याला मी अण्णांना घेऊन येणार आहे. ते मेलेलं पहिलं कार्ड आमच्या माळ्यावर आहे, तेही आणते. अण्णांचा टेस्टचा फोनही अजून चालतो. फक्त तो लावायला शाळेत आता तार उरली आहे का, तेवढं आधी कोणीतरी बघून ठेवा.