सर्पगंधेचे मूळ आणि मुंबईतील एक शोधनिबंध

सर्पगंधा या झुडपाचे कडू मूळ आपल्याकडे सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. मात्र ते जागतिक वैद्यकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मुंबईच्या केईएम रुग्णालयातून गेला, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो, अशी नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी ‘अजमलीन’ हे नाव हकीम अजमल खान यांच्यावरून दिलेले. तरीही भारताबाहेर या कामाची दखल फारशी घेतली गेली नाही. १९४९ साली केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे मांडली. त्यांत चमत्काराचा दावा नव्हता. उपचारापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब पद्धतशीर मोजलेला होता. जगाने लक्ष दिले ते या आकड्यांकडे.

१९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून रेसर्पीन वेगळे केले. ते उच्च रक्तदाबावर आणि मनोविकारांवरही वापरले जाऊ लागले. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारावरील उपचाराची वाट तेथून उघडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. चीननेही सर्पगंधेच्या आपल्याकडील भगिनी-प्रजातीपासून रक्तदाबावरचे औषध तयार केले.

या यशाची किंमत वनस्पतीने मोजली. औषध मुळात, म्हणून झुडूपच उपटले जाते. मागणी वाढली तशी रानातील सर्पगंधा विरळ झाली. अखेर तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले. रुग्णांनाही किंमत मोजावी लागली: अधिक मात्रेत रेसर्पीन घेणाऱ्या काहींमध्ये नैराश्य आढळले. ‘वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज म्हणूनच घातक आहे.

‘आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ आणि ‘सारे पाश्चात्त्यांनी शोधले’ ही दोन्ही विधाने या इतिहासापुढे टिकत नाहीत. कोठे शोधावे, हे परंपरेने सांगितले. किती विश्वास ठेवावा, हे मोजमापाने. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही वाटणार नाही. परंतु परंपरेचा खरा सन्मान तिची परीक्षा घेण्यात असतो, हे मुंबईतील एका वैद्याने ५० रुग्णांच्या नोंदींतून दाखवून दिले, एवढे तरी आपण स्मरणात ठेवावे.