बेचाळीस विजेतेपदं आणि शून्याचा कॉलम

आमच्या प्रोजेक्टवर न्यू यॉर्कचा एक पोरगा आहे. बेसबॉलचा भक्त. सोमवारच्या कॉलवर काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं तो यांकीजबद्दल बोलणार हे ठरलेलं. मागे एकदा म्हणाला, यांकीजनी वर्ल्ड सिरीज २७ वेळा जिंकलीय, पहिली १९२३ साली आणि सत्ताविसावी २००९ साली. असा दुसरा संघ दाखव! मी म्यूट काढला आणि म्हटलं, आमच्या गावचा संघ ४२ वेळा जिंकलाय. दोन सेकंद शांतता. मग त्याने साधाच प्रश्न विचारला, "कसं काय?"

आणि मंडळी, जन्म बोरिवलीत काढलेल्या या प्राण्याला "आम्ही खडूस आहोत" यापलीकडे उत्तर सुचेना. 'खडूस' म्हणजे काय हे त्याला समजावण्यातच पाच मिनिटं संपली. मनाला ते लागलं. म्हणून शनिवार-रविवार एक्सेल उघडून बसलो. विषय: रणजी करंडक आणि मुंबईचा संघ. (जुन्या काळी संघाचं नाव बॉम्बे होतं, पण मी आपलं सगळीकडे मुंबईच म्हणणार आहे.)

तर एक्सेल काय म्हणतं बघा. १९३४-३५ पासून २०२३-२४ पर्यंत रणजीच्या ८९ स्पर्धा झाल्या. २०२०-२१ ची कोविडमुळे झालीच नाही. मुंबई ४८ वेळा अंतिम फेरीत पोचली आणि त्यातल्या ४२ वेळा जिंकली. हरली सहा वेळा: होळकर (१९४७-४८), दिल्ली (१९७९-८०), कर्नाटक (१९८२-८३), हरयाणा (१९९०-९१), गुजरात (२०१६-१७) आणि मध्य प्रदेश (२०२१-२२). २०२३-२४ पर्यंतच्या हिशोबात दुसऱ्या नंबरवर कर्नाटक आहे, आठ विजेतेपदं. बेचाळीस आणि आठ! पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात एवढं अंतर आमच्या शाळेतसुद्धा नसायचं.

८९ पैकी ४२ म्हणजे साधारण ४७ टक्के. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. हाच काळ तीन तुकड्यांत तोडला की वेगळंच चित्र दिसतं. १९३४-३५ ते १९५७-५८ या २४ स्पर्धांत मुंबईने ९ जिंकल्या. १९५८-५९ ते १९७६-७७ या १९ स्पर्धांत १८! आणि १९७७-७८ पासून २०२३-२४ पर्यंतच्या ४६ स्पर्धांत १५. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात मुंबई हा एक जबरदस्त संघ आहे. मधल्या तुकड्यात तो संघच वाटत नाही, हवामान वाटतं. जूनमध्ये पाऊस येतो तसा मोसमाच्या शेवटी करंडक मुंबईत येतो.

त्या मधल्या काळातली पहिली १५ विजेतेपदं सलग आहेत, १९५८-५९ ते १९७२-७३. हे किती अवघड आहे ते कॅल्क्युलेटरवर करून बघा. समजा एखादा संघ इतका भारी आहे की कुठल्याही वर्षी तो जिंकण्याची शक्यता ८० टक्के. तरी सलग १५ वेळा जिंकण्याची शक्यता साडेतीन टक्के येते. ९० टक्के धरली तर साधारण २० टक्के. सलग १५ साठी निदान फिफ्टी-फिफ्टी चान्स हवा असेल तर दरवर्षीची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर लागते. पाऊस, टॉस, दुखापती, अंपायर हे सगळं धरून ९५ टक्के. ऑफिसातला सर्व्हर एवढं चालला तरी मी पेढे वाटीन.

यात सगळ्यात जास्त कीव येते ती राजस्थानची. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात ते आठ वेळा फायनलला पोचले आणि आठही वेळा हरले. त्यातल्या सात वेळा समोर मुंबई. आठव्या वेळी, १९७३-७४ ला, मुंबई एकदाची उपांत्य फेरीत कर्नाटककडून बाहेर पडली होती. त्या सामन्यात कप्तान अजित वाडेकर धाव घेताना पाय घसरून रन आऊट झाले, कर्नाटकने पहिल्या डावात आघाडी घेतली आणि पंधरा वर्षांची साखळी तुटली. राजस्थानला वाटलं असेल, आता आपला नंबर. तर फायनलला कर्नाटकनेच त्यांना हरवलं. राजस्थानला करंडक मिळाला तो थेट २०१०-११ ला.

आता मूळ प्रश्न, कसं काय?

एक कारण नियमातच आहे. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे. म्हणजे जिंकायलाच हवं असं नाही, आधी लवकर आऊट न होणं महत्त्वाचं. 'खडूस' हा आपल्याला स्वभाव वाटतो, पण त्यामागे असा रोकडा हिशोब आहे. सहज विकेट फेकणाऱ्याला मुंबईत कोणी माफ करत नसे, कारण त्या एका विकेटवर अख्खा मोसम जाऊ शकत होता.

दुसरं कारण म्हणजे खालची व्यवस्था. शाळेसाठी हॅरिस शील्ड, ऑफिससाठी टाइम्स शील्ड, क्लबसाठी कांगा लीग. कांगा लीग १९४८ साली सुरू झाली आणि ती खेळायची भर पावसाळ्यात. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी छातीवर येणार, कधी घोट्याला लागणार, काही भरवसा नाही. तिथे ज्याने तीस धावा केल्या त्याला कोरड्या खेळपट्टीवर शंभर सोपे. शिवाय क्रिकेटवर पोट चालत नव्हतं तेव्हा कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निरलॉनमध्ये. त्यामुळे पंचविशी उलटल्यावरही माणूस खेळत राहू शकत होता. आपल्या भाषेत सांगायचं तर पाइपलाइन होती आणि ती कधी रिकामी होत नव्हती.

याचा पुरावा हवा असेल तर १९७०-७१ चा मोसम घ्या. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर आणि अशोक मांकड हे पाचही जण भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला. तीच ती मालिका, गावसकरच्या ७७४ धावांची आणि सरदेसाईंच्या ६४२ धावांची. ज्या संघाचे पाच खांब काढून नेले तो संघ पडायला हवा की नाही? इकडे सुधीर नाईक कप्तान झाले आणि उरलेल्यांना घेऊन त्यांनी अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवलं. माझ्या मते त्या पंधरांतलं हे सगळ्यात मोठं विजेतेपद. बॅकअप सर्व्हरवर अख्खी सिस्टीम चालवून दाखवली.

पण इथेच माझ्या एक्सेलमध्ये एक गडबड झाली. मी सहज खेळाडूंची यादी करून पुढे एक कॉलम टाकला: कसोटी सामने. आणि त्या कॉलममध्ये शून्यं दिसायला लागली.

पहिलं शून्य पद्माकर शिवलकर. १९६१-६२ ते १९८७-८८ एवढी लांब कारकीर्द, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी १९.६९. सलग पंधरांतला शेवटचा करंडक, १९७२-७३ चा, तर त्यांनी जवळजवळ एकट्याने आणला. चेपॉकची खेळपट्टी आखाड्यासारखी वळत होती. मुंबई १५१ आणि ११३. तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांचे आकडे: १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. आणि कसोटी सामने: ०. कारण त्याच काळात भारताकडे बिशनसिंग बेदी नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता. शिवलकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा' आहे. २०१७ साली बीसीसीआयने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, हरयाणाच्या राजिंदर गोयल यांच्यासोबत. तेही डावखुरे फिरकीवाले, त्यांच्याही कॉलममध्ये शून्य. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

दुसरं शून्य अमोल मुझुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा हा मुलगा पॅड बांधून आपली बॅटिंग येण्याची वाट बघत होता. ती आलीच नाही. १९९३-९४ ला रणजी पदार्पणात २६०, तेव्हाचा प्रथम श्रेणी पदार्पणातला विश्वविक्रम. २००६-०७ ला कप्तान. त्या वर्षी मुंबई पहिले तिन्ही सामने हरली, उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक होता ० बाद ५ (हो, शून्य धावा, पाच आऊट), आणि तरीही करंडक आणला. कारकिर्दीत ११,१६७ धावा, ३० शतकं. कसोटी सामने: ०. समोर तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली होते.

आता माझं म्हणणं असं. ४२ हा आकडा आपण तेंडुलकर-गावसकरांच्या नावावर मिरवतो. पण ही मोठी माणसं अर्धा मोसम देशासाठी बाहेर असायची. करंडक आणला तो रांगेत उभ्या असलेल्यांनी. संघ इतका भक्कम का, तर बाहेर बसलेला माणूसही आत खेळणाऱ्याइतकाच चांगला. आणि नेमक्या त्याच कारणाने त्या माणसाचं आयुष्य रांगेत जायचं. संघाची ताकद आणि खेळाडूचं दुःख ही एकाच कॉलमची दोन टोकं आहेत. आपल्या आयटीवाल्यांना बेंचवर बसणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फक्त आपल्याला दुसरी कंपनी मिळते.

पुढे त्यांनाही मिळायला लागली. मुंबईचे लोक दुसऱ्या राज्यांत जाऊ लागले. वसीम जाफर मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं जिंकून विदर्भात गेला आणि २०१७-१८, २०१८-१९ अशी लागोपाठ दोन तिकडे जिंकला. तेव्हा विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मूळचे मुंबईचेच. २०१५-१६ ला मुंबईला एकेचाळिसावं विजेतेपद मिळवून दिलं त्यांनी, आणि २०२१-२२ च्या फायनलमध्ये मध्य प्रदेशचे प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवलं तेही त्यांनीच. आपलाच सोर्स कोड आपल्यावर उलटला म्हणायचा.

हरण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. मे १९९१, वानखेडे, हरयाणा. मुंबईला ३५५ हव्या होत्या. ३४ धावांत तीन गेले. मग अठरा वर्षांच्या तेंडुलकरने ९६ मारल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद. शेवटचा गडी रन आऊट, मुंबई ३५२, दोन धावांनी हार. वेंगसरकर मैदानावरच रडले. तोवर मुंबई तीसेक वेळा जिंकली होती. एवढे करंडक घरात असलेला माणूस एकतिसाव्यासाठी रडतो, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त काही सांगून जातं.

असो. आता आपल्या इकडे येऊ. एकेकाळी मुंबई क्रिकेट म्हणजे शिवाजी पार्क, दादर आणि दक्षिणेची मैदानं. उपनगरातला माणूस म्हणजे गाडीने येणारा पाहुणा. हे चित्र बदललं. रोहित शर्मा आमच्या बोरिवलीत आजी-आजोबांकडे राहून, दिनेश लाड सरांच्या हाताखाली स्वामी विवेकानंद शाळेतून पुढे आला. शार्दूल ठाकूर पालघरचा, तोही लाड सरांचाच चेला. रहाणे डोंबिवलीचा, तुषार देशपांडे कल्याणचा. घरं महाग झाली, माणसं लोकलच्या टोकाकडे सरकली आणि क्रिकेट त्यांच्या मागोमाग गेलं.

२०२३-२४ चा करंडक पूर्णपणे याच रांगेचा आहे. उपांत्यपूर्व सामना, बीकेसी, बडोद्याविरुद्ध. दुसऱ्या डावात दहाव्या नंबरच्या तनुष कोटियनने नाबाद १२०, अकराव्या नंबरच्या तुषार देशपांडेने १२३. शेवटच्या जोडीच्या २३२ धावा! दहा आणि अकरा नंबरवाल्यांनी एकाच डावात शतकं ठोकायची ही प्रथम श्रेणीच्या इतिहासातली फक्त दुसरी वेळ. पहिली १९४६ सालची, ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध ७ बाद १०६ अशी अवस्था असताना शार्दूलने १०९ काढल्या. फायनलला समोर विदर्भ. १९ वर्षांच्या मुशीर खानचं शतक, विदर्भाला ५३८ चं लक्ष्य, त्यांनीही ३६८ पर्यंत झुंज दिली. शेवटची विकेट धवल कुलकर्णीने घेतली, आपल्या कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात. बेचाळीस.

आणि मुझुमदार? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. त्यामुळे शून्याचा कॉलम बदलत नाही. पण मी एक्सेलमध्ये त्यांच्या नावासमोर एक कॉमेंट टाकून ठेवली.

रविवारी संध्याकाळी बोरिवलीच्या लोकलमध्ये चर्चगेटहून परतणारी पोरं भेटतात, अंगापेक्षा मोठी किट बॅग घेऊन. दारात ती बॅग आडवी आली की डब्यात कुरकुर सुरू होते. मीही केलीय. यापुढे करणार नाही. त्यातली बहुतेक पोरं शून्याच्या कॉलमपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत, पण बेचाळिसाची बेरीज त्यांच्यापासूनच सुरू होते.

आता हे सगळं सोमवारच्या कॉलवर पाच मिनिटांत कसं सांगायचं, तेवढंच ठरायचंय.