चावडी आणि धूळपाटी : ज्ञानकोशातल्या बायकांचा एक मागोवा

मॉरिस विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्याचा पहिला खंड १९२७ सालचा. आतल्या पानावर मूळ जर्मनवरून भाषांतर करणाऱ्या व्यक्तीचे नाव छापले आहे : मिसेस एस. केतकर. १९३३च्या दुसऱ्या खंडावर त्यांच्या जोडीला आणखी एक नाव येते, मिस एच. कोन. संस्कृतच्या कित्येक पिढ्यांनी हा ग्रंथ हाताळला. पण या 'मिसेस एस.' म्हणजे शीलवतीबाई, पूर्वाश्रमीच्या एडिथ कोन, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या पत्नी, हे त्यातल्या किती जणांनी शोधले असेल? नावातले 'मिसेस' आणि 'केतकर' लग्नाने आलेले, 'एस' हे हिंदू झाल्यावर घेतलेल्या नावाचे. जन्माने मिळालेले त्यात काही नाही. माहेरचे आडनाव तेवढे दुसऱ्या खंडावर शेजारच्या नावात उभे आहे. उत्तरायुष्यात शीलवतीबाईंनी आपली हकिगत लिहिली, तिला नाव दिले 'मीच हे सांगितलं पाहिजे'. त्यातला 'मीच' मला फार बोलका वाटतो.

मराठी कोशवाङ्मयाचा इतिहास हा माझा जुना नाद. गेल्या काही वर्षांत त्याला एक नवी वाट फुटली. मराठी विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थिनी, शिक्षिका, गृहिणी यांच्या कार्यशाळांना मी अधूनमधून जाऊन बसते. तिथे जे दिसते ते जुन्या कोशांच्या प्रस्तावनांशी ताडून पाहिल्यावर एक प्रश्न सारखा समोर येतो. ज्ञानकोशात बायका कमी का, हा तो प्रश्न नव्हे. तो पुष्कळांनी विचारला आहे. आलेल्या बाईला तिथे 'या, बसा' कोण म्हणते, हा माझा प्रश्न आहे.

जुन्या कोशांत हे काम संपादकाचे होते, आणि ते तो आपल्या मर्जीने करी. केतकरांच्या पिढीसमोर नमुना होता तो एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा. तिची प्रसिद्ध अकरावी आवृत्ती १९१०-११ची. तिचे लेखक दीड हजारांच्या घरात, आणि त्यांत स्त्रिया जेमतेम पस्तीसेक. तेवढ्याही त्या काळी नवलाच्या होत्या. मात्र याच आवृत्तीचा एकोणतिसावा खंड म्हणजे पाच लाखांवर नोंदींची सूची, आणि ती तयार करणारा विभाग जॅनेट हॉगार्थ या बाईंच्या हाताखाली होता. काम करणाऱ्याही बायकाच. हॉगार्थबाई त्याआधी बँक ऑफ इंग्लंडमध्ये स्त्री-कारकुनांच्या प्रमुख होत्या. ब्रिटानिकातल्या लेखांखाली लेखकाची आद्याक्षरे असतात, सूचीतल्या नोंदीखाली अर्थातच काही नसते. सूचीशिवाय एवढा कोश वापरताच येत नाही, हे ज्याने कोश वापरला आहे त्याला सांगायला नको.

आपल्याकडे पुढे चित्र पालटत गेले. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे केवढे भांडार उभे केले. संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशाच्या संपादकांत प्रभा गणोरकर आहेत, वाङ्मयकोशाच्या समीक्षा-संज्ञांच्या खंडामागे विजया राजाध्यक्ष आहेत, विश्वकोश निर्मिती मंडळाचे अध्यक्षपद विजया वाड यांनी सांभाळले. या साऱ्या विदुषींना बोलावणे होते. संपादक मंडळ पत्र धाडते, विषय देते, शब्दमर्यादा सांगते, मसुदा वाचून शंका काढते. लेखिकेचे आगतस्वागत त्या कामकाजातच मुरलेले असते.

विकिपीडियाने ही रीत मोडली. १५ जानेवारी २००१ला इंग्रजी आवृत्ती सुरू झाली, २००३मध्ये मराठी. बोलावण्याची गरज नाही, पदवीची नाही, ओळखीची नाही. शिवाय प्रत्येक लेखाला 'इतिहास' नावाचे पान. कुणी कोणता स्वल्पविराम केव्हा घातला, तेही तिथे नोंदलेले. कोशाच्या कामात इतका चोख श्रेयनामा पूर्वी कधीच नव्हता. हॉगार्थबाईंच्या सूचीकारणींना तो मिळाला असता, तर आज आपल्याला त्यांची एकेकीची नावे ठाऊक असती.

मग बायका लोटल्या का? नाही. २००८च्या जागतिक पाहणीत संपादकांमधले त्यांचे प्रमाण १२-१३ टक्क्यांच्या आसपास निघाले. जानेवारी २०११मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते छापले आणि बोभाटा झाला. (बेंजामिन माको हिल आणि आरन शॉ या अभ्यासकांनी २०१३मध्ये दाखवले की अशा पाहण्यांना बायका उत्तरेही कमी देतात; त्यांच्या हिशेबाने १२.७चा आकडा १६.१वर जातो. तरी सहातली एकच.) मला याहून बोलके वाटतात ते मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचे आकडे. २००९ साली इंग्रजी विकिपीडियावर नव्याने आलेल्या आणि आपण कोण ते सांगणाऱ्या संपादकांत १६ टक्के स्त्रिया होत्या, पण त्या तुकडीने केलेल्या एकूण संपादनांत त्यांचा वाटा ९ टक्केच भरला. म्हणजे उंबऱ्याशी आलेल्या बायकाही आत फारशा रमल्या नाहीत.

त्या वेळी विकिमीडिया फाउंडेशनची सूत्रे स्यू गार्डनर यांच्याकडे होती. २०१५पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांवर न्यायचे, असा पण त्यांनी केला. तो तडीस गेला नाही, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितलेही. पण फेब्रुवारी २०११मध्ये त्यांनी एक गोष्ट केली ती कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोलाची होती : बायका का लिहीत नाहीत, हे बायकांच्याच शब्दांत गोळा केले. नऊ कारणे निघाली. वेळ नाही, आत्मविश्वास नाही, भांडणाची हौस नाही, लिहिलेले कुणीतरी पुसून टाकते ही तर होतीच. आठवे कारण मात्र इंग्रजीच्या बाहेरचे होते. ज्या भाषांत व्याकरणाला लिंग आहे, तिथे संकेतस्थळ बाईलाही पुरुष समजून बोलते, आणि ते खटकते. जर्मन विकिपीडियावर आता सदस्येच्या पानाला स्त्रीलिंगी 'बेनुत्सरिन' म्हणवून घेता येते. मराठीत तर क्रियापदच सगळे उघड करते. 'तू आला आहेस' आणि 'तू आली आहेस' यांत केवढा फरक! अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात पुल्लिंगी ठरवायचे नसेल तर आपल्याकडे 'तुम्ही' आणि 'आपण' आहेत. ते वापरायला पैसे पडत नाहीत. नववे कारण होते स्वागताच्या सुराचे. आपुलकीच्या बोलण्याला जागा नाही, म्हणून काही जणी थांबत नाहीत.

हा सूर बिघडला कसा, याचा उलगडा २०१३च्या एका अभ्यासात आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७मध्ये शिगेला पोचली आणि मग घसरू लागली. त्याआधी नासधूस करणाऱ्यांचा पूर आला होता. तो थोपवायला पहारेकऱ्यांनी अर्धस्वयंचलित साधने घडवली. एका टिचकीसरशी बदल उलटवायचा आणि तयार मजकुराची ताकीद चिकटवायची. नासधूस आटोक्यात आली, पण चांगल्या हेतूने आलेले नवखेही त्याच जाळ्यात सापडू लागले. पहारेकऱ्याचे त्यात चार-पाच सेकंद जातात. समोरच्या बाईची स्वयंपाक आवरल्यानंतरची अख्खी संध्याकाळ गेलेली असते. द्वेष वगैरे काही असावा लागत नाही.

यावर २०१२मध्ये एक उपाय निघाला, 'टीहाउस'. आपण चहाची टपरी म्हणू. नवख्याच्या चर्चापानावर आमंत्रण जाते. तिथे कोणताही प्रश्न विचारावा. उत्तर देणारे यजमान आधी नमस्कार करतात, साध्या शब्दांत सांगतात, नियमाचा दुवा फेकून मोकळे होत नाहीत. बायकांचे प्रमाण वाढावे हाही तो सुरू करण्यामागचा एक हेतू होता. ज्यांना आमंत्रण गेले ते नवखे, न गेलेल्यांपेक्षा अधिक काळ टिकले, असे पुढे मोजूनही पाहण्यात आले. एवढ्याशा गोष्टीला संशोधनाचा आधार लागावा, याचे मला थोडे हसूही येते.

आता मराठीकडे. आपल्या विकिपीडियावर सर्वांच्या चर्चेच्या पानाचे नाव 'चावडी' आणि सरावाच्या पानाचे 'धूळपाटी'. दोन्ही नावे ज्याने सुचवली त्याच्या भाषेच्या कानाला दाद द्यावी. पण चावडीवर बाई कधी बसली होती? फिर्याद घेऊन गेली असेल, साक्षीला उभी राहिली असेल. पारावर आणि चावडीवर ऐसपैस बसणे पुरुषांचे. आज तिथे कुणी बायकांना मज्जाव करीत नाही, तरी कार्यशाळेत 'अडचण आली तर चावडीवर लिहा' असे सांगितले की बायका एकमेकींकडे बघतात. धूळपाटीची गोष्ट वेगळी. धुळीत बोटाने अक्षर गिरवायचे, चुकले की हात फिरवायचा. कुणी पाहत नाही. सरावाला दिलेले हे नाव बायकांना लगेच आवडते, आणि काही जणी तिथून बाहेरच पडत नाहीत. धूळपाटी ते चावडी हे अंतर कापायला सोबत लागते. कार्यशाळा एका दिवसाची असते. महिला दिन येतो, मार्चात लेखांची रास पडते, एप्रिलमध्ये चर्चापाने ओस. मराठी विकिपीडियाचे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही स्वयंसेवकच. मार्चातल्या राशीतले निम्मे लेख संदर्भाविना असतात, ते निस्तरून त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. त्यांच्या कोरड्या ताकिदींमागे हेही आहे.

नावाचा पेच मात्र जुनाच, उलटा होऊन आलेला. इतिहासाच्या पानावर नाव नोंदले जाते म्हणूनच अनेक बायका स्वतःचे नाव देत नाहीत. फुलाचे, नदीचे, नाहीतर सरळ पुरुषी वाटणारे सदस्यनाव घेतात. कारण विचारले तर उत्तर तयार असते : मदतीच्या मिषाने येणारे निरोप. कार्यशाळेसाठी काढलेल्या व्हॉट्सॲप गटातून फोननंबर कुठे कुठे जातो, हे त्या अनुभवाने शिकल्या आहेत. विकिमीडियाने २०२१मध्ये सर्वांना लागू असलेली आचारसंहिता मंजूर केली ती बरीच उशिरा, पण तक्रार कुठे करायची हे आता पहिल्याच दिवशी सांगता येते, आणि सांगायलाच हवे. कुणी टोपणनावाने लिहिते म्हणून तिला कमी लेखण्याचा अधिकार तर मराठी वाचकाला मुळीच नाही. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले ते विभावरी शिरूरकर या नावाने. त्या बाळूताई खरे. पुढे मालतीबाई बेडेकर.

ही तीन नावे मी कार्यशाळेत मुद्दाम फळ्यावर लिहिते. कारण कोशाच्या दृष्टीने ही तीन माणसे ठरू शकतात. एका नावाने पुस्तक, दुसऱ्याने आधीची नोंद, तिसऱ्याने मृत्युलेख. शोधणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थोडीच माहिती मिळते आणि 'पुरेशी उल्लेखनीय नाही' असा शेरा बसतो. मराठीत पुनर्निर्देशनाची सोय आहे : कोणतेही नाव टाका, एकाच लेखावर पोचा. पण ती पाने कुणीतरी बनवावी लागतात. माझा अनुभव असा की पुरुष संपादक जन्मतारीख विचारतो, बाई आधी विचारते, 'यांचं माहेरचं नाव काय?' ही कोशकाराची जाण आहे आणि ती फुकट दवडण्यासारखी नाही.

शेरा बसण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण डोना स्ट्रिकलंड यांचे. मे २०१८मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने परत पाठवला. स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत, असे कारण. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर लेखच नव्हता. तपासनिसाने नियम पाळला होता; बाईविषयी आधी कुणी लिहिलेच नसेल तर संदर्भ आणायचा कुठून? इंग्रजीत चरित्रलेखांतले स्त्रियांचे प्रमाण २०१४मध्ये साधारण साडेपंधरा टक्के होते. 'विमेन इन रेड' हा प्रकल्प २०१५पासून लाल दुव्यांचे, म्हणजे नसलेल्या लेखांचे, निळे दुवे करीत आला आहे. आज ते प्रमाण वीसच्या आसपास आहे. दहा वर्षांत इतके हलले ते सोबतीने काम करणाऱ्या जथ्यामुळे. एकेकटीला ते जमले नसते.

एका तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षिका भेटल्या होत्या. गावात पन्नास वर्षांपूर्वी बालवाडी काढणाऱ्या बाईंवर त्यांनी लेख लिहिला. तासाभरात त्यावर पानकाढा साचा लागला. त्या फोन पिशवीत टाकून उठल्याच होत्या. शेजारच्या एकीने त्यांना बसवले, लेख धूळपाटीवर हलवून दिला आणि म्हणाली, "बाई, हे कुठे छापून आलंय का बघा, मग आपण दोघी लावू." बाईंनी तालुक्याच्या वाचनालयात जुन्या साप्ताहिकाच्या फायली उपसल्या, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक मिळवला. त्या अंकात बाईंचे नाव सासरच्या आडनावाने होते, साप्ताहिकात माहेरच्या. दोन्ही जुळवायला तीन आठवडे लागले. लेख आता जागेवर आहे, दोन संदर्भांसह, आणि माहेरच्या नावाचे पुनर्निर्देशनही.

अलीकडे त्यांचे चर्चापान पाहत होते. कुणा नव्या सदस्येने विचारले होते, फोनवर 'सुऱ्या'मधला 'ऱ्य' कसा काढायचा, आपला 'सूर्य'च होतो. बाईंनी कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते दोन ओळींत लिहिले होते आणि खाली, 'नाही जमलं तर परत विचारा. मी रात्री नऊनंतर असते.'